भांड्यांच्या दुकानाची पायरी

जुन्या गावातला हा फ्लॅट मी भाड्याने घेतला तो आईसाठी. ऑफिसातल्या बायकांना ते खरं वाटत नाही. त्या म्हणतात, अगं, आता तरी कॉलनीत ये राहायला, नळाला रोज पाणी, गाडी लावायला जागा. नंदुरबारच्या त्या जुन्या गल्लीत आहे काय? खाली भांड्यांचं दुकान, शेजारी मसाल्याची चक्की. चक्कीवर मिरची पडली की अख्खी गल्ली शिंकते. मी म्हणते, असू दे, मला शिंकायला आवडतं. मग त्या गप्प बसतात. माझ्या तोंडी लागायला फारसं कोणी येत नाही.

माझी आई सातपुड्यात राहते, मोलगीच्या पुढे. जीप जिथे थांबते तिथून दीड तास चालायचं. आमचा पाडा म्हणजे चिकटून बांधलेली घरं नव्हेत. एक घर या टेकाडावर, दुसरं पलीकडच्या, मधे शेत आणि नाला. भाऊ आणि वहिनी दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात ते होळीलाच परततात. तोवर आई एकटी. मी सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेले, तिथून वसतिगृहात, तिथून नोकरीत. हिशेब केला तर आईजवळ सलग अशी मी सहाच वर्षं राहिलेय, आणि त्यातलीही पहिली तीन मला आठवत नाहीत. बाकीच्या पोरींना आईचा कंटाळा येतो म्हणतात. मला कंटाळा येण्याइतकी आई मिळालीच नाही. पगार सुरू झाला तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली होती, आपलं घर करायचं आणि तिला आणायचं.

घर शोधताना जे अनुभव आले ते सांगत बसत नाही, नाहीतर माझं डोकं फिरेल. कुठे म्हणाले, आम्ही फॅमिलीलाच देतो. कुठे आडनाव विचारलं, ऐकलं, आणि कालच दुसऱ्याला दिलं म्हणाले, तेही दारावर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लटकत असताना. एकाने तर मला दारू पितेस का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, तुम्ही पाजणार होता का? ते घर अर्थातच मिळालं नाही.

इथे घरमालकीणबाई निघाल्या. तापीकाठच्या शेतकरी घरातल्या, साठीच्या पुढच्या, नवरा गेलेला, मुलं सुरतेला. खाली दुकान, पहिल्या मजल्यावर त्या, दुसऱ्यावर रिकामा फ्लॅट. मी त्यांना काकू म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

“एकली ऱ्हाशी?”

“सध्या एकटी. आई येणार आहे.”

“कोठली शे तू?”

“मोलगीकडची.”

मी मनात म्हटलं, झालं, आता हाही फ्लॅट कालच दुसऱ्याला दिलेला निघणार. काकू म्हणाल्या, “देख, मी कोंबडी खास नही. तुले खावानी व्हई ते खिडक्या लाईसन कर. मन्हा नाकले समजाले नही पाहिजे.” कोंबडी शिजवायची तर खिडक्या लावून, एवढीच अट. मी त्याच दिवशी सामान आणलं.

एक खोली, स्वयंपाकघर आणि गल्लीवर निघणारी गॅलरी. गॅलरी बघूनच मी हो म्हटलं होतं, कारण आई चार भिंतींत झोपत नाही. तिथे मी बाज टाकली. मक्याची भाकरी गॅसवर तिला आवडणार नाही म्हणून काकूंना विचारून गच्चीवर तीन दगडांची चूलही मांडली. भाकरीला मातीचा तवा शोधत मी सगळा बाजार पालथा घातला. ऑफिसातून आले की रोज बाजेवरची धूळ झटकायचे. कोण झोपणार होतं तिच्यावर? कोणी नाही. पण झटकायचे.

आई काही येईना. आधी म्हणाली, ज्वारी निघू दे. मग शेळी व्यायची होती. मग भाऊ-वहिनी गेलेले, घर उघडं कसं टाकू? मी चिडायचे. शेजारच्या टेकाडावरच्या चुलतभावाकडे मोबाइल आहे, तो वर चढून रेंज पकडतो आणि आईला बोलावतो. मी खालून ओरडायचे, तुला यायचंच नाही असं सांग ना सरळ! ती म्हणायची, “येईन की. माझ्या पायाने येईन.” मी घ्यायला येते म्हटलं तर तिला राग यायचा. घेऊन जातात ते नवरीला नाहीतर आजाऱ्याला, असं तिचं म्हणणं.

दुसरी अडचण दाराची होती. आमच्याकडे कोणी कोणाच्या दारापर्यंत थेट जात नाही. अंगणाच्या कडेला थांबायचं, बसायचं. हाक मारायची नाही, दार वाजवणं तर सोडाच. घरातलं माणूस बघतं, पाण्याचा लोटा घेऊन बाहेर येतं, लोटा हातात देतं, मग पाहुण्याने उठायचं. आणि घरचं माणूस बघूनही परत आत गेलं, लोटा घेऊन आलं नाही, तर समजायचं की आज घर मोकळं नाही. आत मयत असेल, बाळंतीण अडली असेल, देवाचं काही चालू असेल. अशा वेळी पाहुण्याने मुकाट्याने उठून निघायचं. त्यात कोणाचा अपमान नाही, रुसवा नाही. पोरीच्या घरी तर हे सगळं जास्तच पाळायचं. मी आईला सांगून ठेवलं होतं, इथे अंगण नाही, जिन्याशी बटण आहे, ते दाब, वर घंटी वाजते. ती हसली होती. “पोरीच्या घरी घंटी वाजवू?”

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, होळी होऊन गेलेली, भाऊ-वहिनी परतलेले, ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. रविवार होता. मी कपडे धुतले, कूलर लावला, जेवले, झोपले. संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले तर भांडेवाले भाऊ दुकानातूनच म्हणाले, “बाई, तुम्हनाकडे कोनी उनं व्हतं का? एक म्हातारी पायरीवर बठेल व्हती. कोंबडी व्हती तिनाजोडे.”

“कधी?”

“आकरा वाजाले उनी. चार वाजता उठीसन चालनी गई. सारखी वर देखे.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?” मी अशी ओरडले की समोरचा कापडवाला बाहेर आला. “वर पाठवायचं होतं ना तिला! पाच तास एक म्हातारं माणूस उन्हात बसलंय, आणि तुम्ही तांबं-पितळ विकत बसलात?”

“मी सांगं ना, वर जा मावशी म्हनीसन! ती हालनीच नही. पानी दिधं, तेबी लिधं नही. मी काय करू?”

बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. पाणी तिने त्यांच्या हातून घेतलं नसतंच, घर त्यांचं नव्हतं. मी तशीच रिक्षा करून स्टँडवर गेले. मोलगीच्या वाटेवरची अक्कलकुव्याची गाडी कधीच गेली होती. स्टँडवरच्या बाकावर बसून मी रडले, भर लोकांत, दुधाची रिकामी बरणी मांडीवर घेऊन.

आठवडाभर मी चडफडत होते, आणि खरं सांगते, आईवरच जास्त. एवढं सांगून ठेवलं होतं, एक बटण दाबायला काय झालं होतं? शनिवारी पहिल्या गाडीने निघाले. गाडी, जीप, मग पायी. रस्ताभर भांडणाची वाक्यं जुळवत गेले. पोचले तर आई अंगणात मोहाची फुलं निवडत होती. मला बघून आत गेली, लोटा घेऊन आली. मी पाणी प्यायले आणि सुरू झाले. आम्ही घरच्या बोलीत बोलतो, इथे मराठीत लिहिते.

“याहा, बटण का नाही दाबलंस?” आमच्याकडे आईला याहा म्हणतात.

ती माझ्याकडे बघत राहिली. “बटण कशाला? तू बघितलंस की मला.”

“मी? कधी?”

“ऊन डोक्यावर होतं तेव्हा. तू वर बाहेर आलीस, कपडे काढलेस दोरीवरचे. खाली बघितलंस. माझ्याकडे बघितलंस. मग आत गेलीस.” आणि तिने माझा हात धरला. “मग मी ऊन उतरेपर्यंत बसले आणि निघाले. आठ दिवस झाले, झोप नाही. काय झालं होतं घरात?”

तेव्हा मला आठवलं. दुपारी कपडे काढायला मी गॅलरीत आले होते. खाली दुकानाच्या पायरीवर एक डोंगरातली बाई बसली होती, डोक्यावरून पदर, शेजारी गाठोडं. मी बघितलं. सावलीला थांबलेली वाटली. आणि माझ्या मनात जे आलं ते शब्दन् शब्द आठवतंय. पायरी अडवून बसतात या बायका. या बायका! मी, जी अशाच एका बाईच्या पाठीवर बांधली जाऊन मोठी झाले, ती. तिचा चेहरा वर होता, ती बघत होती माझ्याकडे. मी तो बघितला आणि मला कोणीही दिसलं नाही.

आई हात धरून उत्तराची वाट बघत होती. घाबरलेली होती. मी खरं सांगायला हवं होतं. माझं तोंड एरवी कोणासमोर अडत नाही, साहेबासमोरही नाही. तिथे अडलं.

“काकू वारल्या,” मी म्हणाले. “घरमालकीण. त्याच सकाळी.”

“तरीच,” आई म्हणाली. तिचा सगळा चेहरा सैल झाला. काय सांगू, किती बरं वाटलं तिला! पोरगी तिला विसरली नव्हती, घरात मयत होतं, एवढंच. तिने काकूंसाठी हळहळ केली, तापाने गेल्या का विचारलं, मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, “तू तिच्या छपराखाली राहतेस. मला जायला पाहिजे धान्य घेऊन.” मयताच्या घरी आपल्या शेतातलं धान्य न्यायचं, ही आमच्याकडची रीत. बाजाराच्या दिवशी मोलगीला जीपा भरपूर जातात, तेव्हा येते म्हणाली.

परतीच्या जीपमध्ये मला लाज वाटत होती, आणि तिच्याहून मोठा आनंद होत होता. आई येणार होती. पाच वेळा बोलावून आली नाही ती एका खोट्यामुळे येणार होती. मी किती भुकेली होते, त्यावरूनच समजा.

आता काकूंचं काय करायचं? त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. गॅलरीतून आई दिसली आणि ओळखली नाही, हेही सांगितलं. ते सांगताना वर बघता येईना.

“माय व!” काकू ओरडल्या. “जिती बाईले मारी टाकं का तू?” मग जरा वेळाने, “अन मी कशी मरनू? ते तरी सांग.”

“तापाने.”

“एवढाशा तापघाई?” त्यांना ते पटलं नाही. पण बाजाराच्या दिवशी कुलूप लावून तापीकाठच्या प्रकाशा गावी जायचं, देवदर्शन करायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं, एवढं त्यांनी कबूल केलं. जाताना म्हणाल्या, “खोटं टिकत नही पोर. पन तुन्ही माय येवाले पाहिजे.”

मी बाज उन्हात टाकली, गोधडी धुतली. आणि ज्या गोष्टीचा विचार करायला हवा होता तोच केला नाही. मयताला जायला कोणी बाजाराचा दिवस बघत बसतं का? हे मला कळायला हवं होतं, मी त्याच पाड्यावरची. आई घरात चार दिवस थांबलीच नाही. सोमवारीच निघाली, खांद्यावर ज्वारीची पिशवी घेऊन, मोलगीपर्यंत चालत.

मंगळवारी मी ऑफिसातून आले. जिन्यात काकूंचं दार उघडं, आणि आतून काकूंचा आवाज येत होता. डोकावले. आई खाली चटईवर बसली होती, हातात बशी, बशीत चहा. समोर काकू, दोघींच्या मधे ज्वारीची पिशवी. काकू अहिराणीत बोलत होत्या, आई आमच्या बोलीत. एकीचं दुसरीला कळत नव्हतं आणि दोघी माना डोलवत होत्या.

काकू मला बघून उठल्या. “मी खिडकीमांइन देखं. पायरीवर बठेल व्हती. एक घडीमां वळखं, तुन्हंच नाक शे ना! लोटा लिसन गऊ तशीच खाले.”

लोटा घेऊन खाली गेल्या. मी त्यांना पाड्याची रीत सांगितली होती, त्यांनी ती लक्षात ठेवली. आईला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं आणि ओळखलं होतं. हे मी इतक्या वेळा मनात घोळवलंय की आता ते आपोआप फिरतं.

आईने बशी खाली ठेवली. “ही कोण?”

“घरमालकीण.”

“दुसरी का?”

“नाही,” मी म्हणाले. “तीच.”

आईने पिशवी काकूंकडे सरकवली. मी काकूंना सांगितलं की मयतासाठी आणलेलं धान्य परत नेत नाहीत. काकू पोट धरून हसल्या. “आन इकडे! मन्हा तेरावाना दाना मीच खासू!” आईला शब्द कळले नाहीत, पण तीही हसली. मीही हसायला बघितलं.

मग वर आलो. मी तिला घर दाखवत सुटले, हा नळ, हा पंखा, हा तवा बघ तुझ्यासाठी आणलाय, बाज बघ, गच्चीवर चूल आहे. थांबायची भीती वाटत होती मला. ती सगळ्याला बरं आहे, बरं आहे म्हणाली. गॅलरीत गेली, कठड्याला धरून उभी राहिली. खाली भांडेवाले भाऊ पितळेची घमेली आत घेत होते. पायरी मोकळी होती. आईने पायरीकडे बघितलं. किती वेळ बघितलं कोण जाणे.

“इथून तर नीट दिसतं,” ती म्हणाली.

“हो याहा,” मी म्हणाले. “दिसतं.”

तेवढंच. माझी जी काही कबुली आहे ती एवढीच. ती रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते. रागावली नाही. गच्चीवर जाऊन तिने भाकरी केल्या, मला पहिली वाढली, बाजेवर झोपली. सकाळी उठून पाहते तर गोधडीची घडी घातलेली. मी म्हटलं, राहा ना, चार दिवस तरी राहा, मी रजा टाकते. हात जोडले. ती म्हणाली, शेळ्या आहेत. शेळ्या भाऊ-वहिनी सांभाळत होते.

त्यानंतर मी दर महिन्याला वर जाते. ती मला लोटा देते, जेवू घालते, माझ्या केसांना तेल लावते. काही बदललेलं नाही. फक्त ये म्हटलं की तेवढं ऐकू येत नसल्यासारखं करते. काकू रोज तिच्या येण्याचं विचारतात, “तुन्ही माय कवय येवाव?” मला फार वाटतं की ती इथे असावी. सकाळी उठावं तर गॅलरीत ती बसलेली असावी, गल्लीकडे बघत, आणि मी तिच्यावर चिडावं, की याहा, तोंड तरी धू.

पण त्या सकाळी स्टँडवर ती गाडीत चढून बसली, तेव्हा मी खिडकीशी उभी होते. पुन्हा कधी येशील, असं मी दहा वेळा तरी विचारलं असेल. गाडी सुरू झाली तशी ती खिडकीतून वाकली आणि माझी समजूत घालायला म्हणाली, “येईन. यायच्या आधी फोन करायला लावीन. म्हणजे तुला माहीत असेल, खाली बसलीय ती मी आहे.”